कणगीतले तिघे

वासू, तू गेलास आणि आपलं भांडण अर्धं राहिलं. तुझं हे नेहमीचंच. लहानपणी सोंगट्या खेळताना हरायला लागलास की पट उधळून द्यायचास आणि अंगणात पळून जायचास. मी मागे धावले की चिंचेवर चढून बसायचास. ह्या वेळी मात्र फारच लांब पळालास. आता मी कुणाच्या मागे धावू?

तुझ्या तेराव्याला ओटी माणसांनी भरली होती. वासुदेव किती शांत, किती मायाळू, घरातल्या कुठल्याही पोराला ठेच लागली तरी तोच कसा आधी धावायचा, असं जो तो सांगत होता. मी माजघरात दाराशी बसून ऐकत होते. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण ह्या शांत, मायाळू माणसासारखा अडेलतट्टू अख्ख्या कल्याणात दुसरा नव्हता, आणि जाता जाता रमेला, स्वतःच्या बायकोला, भलतीच शपथ घालून गेला, असं एकानं तरी म्हणावं, असं मला राहून राहून वाटत होतं. कुणी म्हटलं नाही. गेलेल्या माणसाला नावं ठेवत नाहीत ना. मग मी घरी ठाण्याला परत आले आणि हे लिहायला बसले. मला लिहायला तूच शिकवलंस, तेव्हा आता भोग आपल्या कर्माची फळं.

रडते आहे असं समजू नकोस. रडून झालं आहे. आता राग उरला आहे.

आपल्या कल्याणच्या घरात मुलं किती, असं कुणी विचारलं तर आईसुद्धा बोटांवर मोजायला लागायची. आपण सख्खी, काकांची, आत्या बाळंतपणाला आली की तिची, शिवाय आजोळ नसलेलं एखादं लांबचं पोर. एवढ्या गर्दीत एकट्याचं आजारपण असं कधी नसायचंच. एकाला खोकला झाला की अंधार पडायच्या आत माजघरभर खोकल्याचा घोष सुरू. गोवर आला तेव्हा आई नि थोरल्या काकूनं धडधाकट पोरांनाही धरून आजाऱ्यांच्या अंथरुणात घातलं होतं, आठवतं? "होऊन जाऊ दे एकदाचं सगळ्यांचं," काकू म्हणाली होती. मला अजून अंगावर काही नव्हतं आणि तू माझ्या शेजारी लालभडक तोंडानं पडून, "ताई, तुला कधी येणार गं?" असं दर घटकेला विचारत होतास. एरंडेल प्यायच्या दिवशी आपण सगळी परसात रांगेनं उभी असायचो. चमचा एकच, नाक धरणारी आई एकच. आपला सख्खा गणूदादा सगळ्यांत मोठा, त्याचा नंबर पहिला. आपला चिंतू सगळ्यांत धाकटा, तो शेवटी. तू मधेच कुठेतरी असायचास आणि हळूच मागे मागे सरकत विहिरीपर्यंत जायचास. आई तिथून ओढून आणायची.

जखमांचं तर विचारूच नये. हळद, चुना, नाहीतर जळलेल्या चिंधीची राख, एवढ्यावर सगळी पोरं वाढली. तू त्या चिंचेवरून पडलास तेव्हा हात कोपरात भलतीकडे वळला होता. बाबांनी खाडीपलीकडून हाड बसवणाऱ्या आगरी म्हाताऱ्याला बोलावून आणलं. तो तुझ्यासमोर मांडी घालून बसला, तुझा हात मांडीवर घेतला आणि म्हणाला, "काय रं पोरा, आज काय जेवलास?" तू "वांग्याची..." एवढं म्हणेपर्यंत त्यानं झटका देऊन हाड बसवलं होतं. तू किंचाळलास आणि मग त्याच्याकडे बघत भाजीचं नाव पुरं केलंस. घर आठवडाभर हसत होतं. पुढे घरातल्या कुठल्याही पोराचा काटा काढायचा असला की तू हेच विचारायचास, आज काय जेवलास. तेराव्याला तुझी थोरली ठकी मला म्हणाली, "आत्या, बाबा काटा काढायचे तेव्हा दुखायचं नाही." मला तेव्हा तुझा इतका राग आला, वासू. काट्याची एवढी काळजी आणि देवीची नाही?

आपल्या भांडणाचं मूळ त्या कणगीत आहे. ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. पण आपण दोघंही ते नाव न घेता वर्षानुवर्षं भांडलो. आज मी सगळं उघड सांगणार आहे. ऐकून घे. आता मधे बोलता येणार नाही तुला.

थंडीचे दिवस होते. तू पाचेक वर्षांचा असशील, मी तुझ्याहून थोडी मोठी. गावात देवी काढणारा आला आहे, देवीचा रोग होऊ नये म्हणून घरोघर जाऊन पोरांच्या दंडावर नस्तरानं ओरखडे काढतो आणि एका पोराच्या फोडातली लस दुसऱ्याच्या दंडात भरतो, अशी बातमी आली. रात्रीची जेवणं व्हायच्या आधी ओटीवर मोठ्यांची मसलत झाली. काका म्हणाले, सरकारचा माणूस आहे, दारातून परत पाठवला तर तांदळाच्या धंद्याला अडचण करतील. बाबा म्हणाले, मग मुली दाखवाव्यात. मुलगे नको. कुणाच्या पोराची ती लस, काय ठाऊक, मुलगा दगावला तर? काकू म्हणाली, अगदी बरोबर. आजीनं मान हलवली. आई चुलीपाशी होती. तिला कुणी विचारलं नाही. मग हुकूम तेवढा तिच्यापर्यंत आला.

काकूचे मुलगे तेव्हा पेणला आजोळी होते. म्हणून लपवायचे ते तुम्ही तिघेच. धान्याच्या खोलीत कोपऱ्यात बांबूची मोठी कणगी होती, शेणानं सारवलेली, भात निम्म्यावर आलेलं. देवी काढणारा गल्लीत शिरला तसं आईनं गणूदादाला आत उतरवलं, मग तुला, मग चिंतूला गणूदादाच्या मांडीवर ठेवलं. प्रत्येकाच्या हातात गुळाचा खडा दिला. "तो संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही," असं सांगून वर झाकण टाकलं. मी दारातून बघत होते. मलाही गूळ हवा होता. आईनं मला दंडाला धरून ओटीवर नेलं.

पुरुष सगळे अचानक पेठेत कामाला गेले होते. एरवी त्यांना दुपारी कधी काम नसायचं! ओटीवर आम्ही मुली रांगेनं उभ्या, आणि दाराआड आई. देवी काढणारा म्हातारासा होता, बरोबर कुंभाराची एक मुलगी आणली होती. तिच्या दंडावरचा फोड फोडून त्याची लस आमच्या दंडांत भरायची होती. काकू नाकाला पदर लावून लांब जाऊन उभी राहिली. म्हातारा म्हणाला, "बाई, ह्या मुली झाल्या. मुलगे कुठं आहेत?"

आणि आई दाराआडून म्हणाली, "आम्हाला मुलगे नाहीत हो."

म्हातारा हळहळला. "देव देईल," म्हणाला. मग माझा दंड धरला. मी गुरासारखी ओरडले. आतून कणगीतून खुसखुस ऐकू आली, तू हसत होतास. तो गेल्यावर आम्हा मुलींना अंगणातच अंघोळी घातल्या आणि मग घरात घेतलं. माझा दंड सुजला, ताप आला, खपली पडली. तुम्ही तिघे महिनाभर आमच्या दंडावर टिचक्या मारून पळायचात.

पुढच्या चैत्रात देवी आल्या. दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या लागल्या. फोडणी बंद झाली. शिंकाळ्यातले सुके बोंबील शेजारी गेले. चिंतूचं अंग फुलासारखं उठलं आणि मोठी माणसं त्या एवढ्याशा पोराला हात जोडून "बाई, शांत व्हा" म्हणायला लागली. मग गणूदादा पडला, मग तू. दंडावर व्रण असलेल्या आम्ही मुली तुमच्या उशाशी बसून निंबाच्या डहाळीनं वारा घालायचो, पाणी पाजायचो, चिकटलेली पांघरुणं सोडवायचो. मुलींना काही झालं तर होऊ दे, असा तो हिशेब होता. आमच्यातल्या एकीलाही साधी पुळी उठली नाही.

चिंतू आधी गेला. गणूदादानं जाताना पाणी मागितलं, ते मी पाजलं. तू वाचलास. तोंडभर व्रण, आणि फूल पडून डावा डोळा गेलेला. देवी उतरल्या, निंबाच्या पाण्यानं तुला न्हाऊ घातलं, आणि तू पहिली गोष्ट विचारलीस ती ही, "चिंतू अजून कणगीत आहे?"

असं तू विचारलं होतंस, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तुला आठवत नव्हतं. बरंच होतं.

आता राग कसला म्हणशील तर ऐक. सुतक संपलं आणि थोरली काकू ओटीवर बसून सगळ्यांदेखत म्हणाली, "आपल्या तोंडानं म्हणाली ना ही, आम्हाला मुलगे नाहीत म्हणून? भरल्या घरात असं बोलतात? देवीच्या कानावर गेलं ते." झालं. सगळ्यांनी ते उचललं. बाबांनी उचललं, आजीनं उचललं, शेजाऱ्यांनी उचललं. मुलगे लपवायचं ठरवलं ओटीवर बसलेल्या मंडळींनी. पण बोलली एकटी आई, म्हणून पोरं खाल्ली तिच्या जिभेनं! मुलींना टोचलं आणि त्या वाचल्या, मुलग्यांना लपवलं आणि ते गेले, ही एवढीशी गोष्ट त्या घरात एकालाही दिसली नाही. की दिसली आणि जीभ बरी वाटली? मला तर दुसरंच खरं वाटतं. बाबा पुढे वर्षभर आईशी बोलले नाहीत. कुणाच्या बाळंतिणीची ओटी भरायला आईला कोणी बोलावलं नाही. डोहाळजेवणाला हाक आली तर ती काकूला यायची, आई घरी राहून भांडी घासायची. मला आठवतं, एकदा एक बाई तान्हं पोर घेऊन आली होती. आईनं त्याला घ्यायला हात पुढे केले आणि त्या बाईनं पदर ओढून पोर झाकलं.

तू हे सगळं बघत वाढलास. एका डोळ्यानं, पण बघितलंस. आणि त्या घरात आईच्या बाजूनं तोंड उघडणारा तू पहिला. जेमतेम मिसरूड फुटली होती तुला. काकू काहीतरी बोलली तेव्हा तू पाटावरून उठलास आणि म्हणालास, "देवीला न्यायचे होते, तिनं नेले. आईच्या बोलण्याचा काही संबंध नाही. पुन्हा कुणी म्हटलंत तर मी ह्या घरात जेवणार नाही." आणि खरंच दोन दिवस जेवला नाहीस. काकू गप्प झाली ती कायमची. त्या दिवशी मी माहेरी आले होते. तुझ्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं मला. माझ्याहून लहान, तरी.

तुझे माझ्यावर उपकार किती, हेही लिहिते, नाहीतर म्हणशील नुसतं भांडते. शाळेत फळ्यावरचं तुला दिसायचं नाही, वाचताना डोळ्याला धार लागायची. म्हणून ओटीवर तांदूळ पसरून त्यात बोटानं मला अक्षरं शिकवलीस. कारण काय, तर मी तुझे धडे वाचून दाखवावे. स्वार्थी होतास! पण माझ्या ठाण्याच्या सासरी मी एकटी वाचणारी सून होते ती तुझ्या स्वार्थामुळे. माझ्या सदाला डांग्या खोकला झाला तेव्हा अडुळशाचा पाला बांधून पहिल्या आगगाडीनं आलास. पोर काळंनिळं पडायला लागलं की उचलून खांद्यावर टाकायचास, टेंभी नाक्यापर्यंत फेऱ्या मारून आणायचास. घरी मोठमोठे बापे होते, एकाचा हात पुढे झाला नाही. सदा आज तुझ्यामुळे आहे. ते मी विसरले नाही. म्हणूनच तर माझा राग इतका जळतो आहे.

कारण तुला मुलगी झाली, दुसरी झाली, आणि मग धोंडू. नाव धोंडू ठेवलंस, दगडासारखा टिकावा म्हणून. इथवर मी हसले. मग थंडीत देवी काढणारे आले आणि तू काय केलंस? दोन्ही मुलींना पुढे केलंस आणि धोंडूला टिटवाळ्याला सासुरवाडीला पाठवून दिलंस. तू, वासू! तोंडावर त्या खुणा घेऊन फिरणारा तू!

मी खडसून विचारलं. तू आधी म्हणालास, आता वासराची लस काढतात, गाईच्या पोटच्याला यातना देऊन, मला नको ते पाप. मी म्हटलं, पूर्वी माणसाच्या पोराची लस म्हणून नको होती, आता वासराची म्हणून नको, मग काय भेंडीची काढायची? तू हसलास आणि विषय टाळलास. मी म्हटलं, मग मुलींना पाप लागत नाही? तू म्हणालास, सरकारचं तोंड बंद करायला कुणीतरी दाखवावं लागतं. अगदी काकांचं वाक्य. त्यांच्याच स्वरात. मी तुझ्याशी वर्षभर बोलले नाही.

ह्या गणपतीत आपण पुन्हा बोललो. विसर्जनाला तळ्याच्या काठी बायकापोरांची गर्दी होती, आणि आपण मागे पायरीवर बसलो होतो. धोंडू तुझ्या मांडीवर. त्याच्या गुडघ्याला खरचटलं होतं आणि तू त्यावर फुंकर घालत होतास. मी म्हटलं, "वासू, अजून वेळ गेलेली नाही. येत्या थंडीत टोचून घे."

तू गुडघ्यावर आणखी एक फुंकर घातलीस. मग म्हणालास, "ताई, टोचल्यानं पोरं वाचतात हे मी एकदा मान्य केलं, तर आईनं त्या दोघांना कणगीत घालून मारलं हेही मान्य करावं लागेल. ते मला जमणार नाही. देवीनं नेले, एवढं एकच आईच्या हातात उरलं आहे. ते मी काढून घेणार नाही."

मी म्हटलं, "आणि धोंडू?"

तू म्हणालास, "धोंडूला देवी सांभाळील."

मी म्हटलं, "आईची लाज राखायला तू पोराचा जीव पणाला लावतोस? तिनं सांगितलं का तुला हे करायला? विचारलंस का तिला?"

"असलं विचारतात का कुणी?" एवढं म्हणून तू धोंडूला खांद्यावर टाकून उठलास आणि गर्दीत गेलास. चिंचेवर चढून बसलास, दुसरं काय! मी मागे ओरडत राहिले. आपलं शेवटचं बोलणं ते.

मग दिवाळीनंतर मुदतीचा ताप आला तुला. मी पोचले तेव्हा तू मला ओळखत नव्हतास. पण त्याआधी, शुद्धीत असताना, रमेला जवळ बसवून तिच्याकडून शपथ घेतलीस. धोंडूला टोचू द्यायचं नाही. मरताना माणसं काय काय सांगतात, वासू. मुलींची लग्नं कर म्हणतात, आईला जप म्हणतात. तुला हे सुचलं.

तुझं तेरावं झालं आणि तिसऱ्याच दिवशी दवंडी फिरली, पारनाक्याच्या धर्मशाळेत देवी काढणारे आले आहेत. मी अजून कल्याणलाच होते. मी रमेला म्हटलं, धोंडूला घेऊन चल. ती भिंतीला टेकून बसली होती, उठली नाही. म्हणाली, "ताई, त्यांची शपथ आहे. माझ्यानं मोडवणार नाही."

मग माझं तोंड सुटलं. तुला जे जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं मी त्या बिचारीला बोलले. एक डोळा गेला तरी अक्कल आली नाही म्हणाले, मुलींचे दंड स्वस्त आणि मुलाचा महाग का म्हणाले, आणि शेवटी कणगी म्हणाले. बोलता बोलता भान राहिलं नाही. आई मागे सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. सुपाचा आवाज थांबला तेव्हा मला कळलं की ती ऐकते आहे.

एवढी वर्षं तू जे झाकून ठेवलंस ते मी रागाच्या भरात तिच्यासमोर ओतलं होतं.

आईनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "कणगीचं काय म्हणत होता वासू?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तळ्याच्या काठी तू जे म्हणालास ते मी जसंच्या तसं सांगितलं. आई खाली बघत ऐकत होती. मग वर बघून म्हणाली, "म्हणजे मला ठाऊक नाही असं वाटलं काय त्याला?"

"आई..."

"अगं, मी काय आंधळी होते? तुम्ही पोरी उघड्या अंगानं त्यांच्या अंथरुणावर लोळत होतात, आणि एकीला पुळी उठली नाही. चिंतूला न्यायला माणसं आली तेव्हाच मला कळलं, ह्याला माझ्या हातानं कुठं घातलं होतं ते. तेव्हापासून ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"कुणाशी बोलू? जिभेचं म्हणत होते ते बरं होतं. माझी जीभ वाईट, एवढंच. खरं काय ते कळलं असतं तर तुझ्या बापानं गळफास घेतला असता. ठरवलं होतं त्यानंच." मग म्हणाली, "वासूनं विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी वाट बघत होते. माझ्या बाजूनं भांडायचा तो, पण विचारायचा नाही कधी."

ऐकलंस? ती वाट बघत होती. तू तिच्यापायी पोराला देवीच्या दारात ठेवलंस, आणि ती तुझ्या एका प्रश्नाची वाट बघत होती. एका घरात, एका चुलीवरचं जेवत, तुम्ही दोघं एकमेकांना जपत बसलात. काय म्हणू मी ह्याला? माया म्हणू? मला तर शिव्या द्याव्याशा वाटतात.

रमा रडायला लागली होती. "पण शपथ, सासूबाई..."

"शपथ तुला घातली आहे," आई म्हणाली. "मला नाही घातली."

आणि ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, भिंतीला धरून, पण उठली. धोंडूला काखोटीला मारलं. मी म्हटलं, माझ्याकडे दे, तुला उचलणार नाही. तिनं दिला नाही. शेजारणी खिडक्यांतून बघत होत्या. मुलाचं तेरावं होऊन तीन दिवस नाहीत तोच म्हातारी नातवाला घेऊन टोचायला निघाली, हे गावाला महिनाभर पुरेल. आई कुणाकडे बघत नव्हती. पारनाक्यापर्यंत धोंडू तिच्या कडेवर होता, आणि ती वाटेत कुठे टेकली नाही.

धर्मशाळेच्या पडवीत मोठी गर्दी होती. खांबाला एक वासरू बांधलं होतं. देवी काढणारा चष्मेवाला तरुण होता, घाईत होता. आईचा नंबर आला. त्यानं धोंडूचा दंड धुतला आणि मान वर न करता विचारलं, "आजी, घरात आणखी मुलगे आहेत का? असतील तर घेऊन या, आज संध्याकाळपर्यंतच आहोत आम्ही."

आईनं त्याच्याकडे सरळ बघितलं. ह्या वेळी मधे दार नव्हतं.

"मला मुलगे नाहीत," ती म्हणाली. "तिघे होते. हा नातू आहे. नीट टोच."

धोंडू घसा फाडून ओरडला. आईनं त्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता, हलू दिला नाही. संपल्यावर तिनं कनवटीला लावलेला गुळाचा खडा काढला. घरून निघताना कधी घेतला होता ते मी पाहिलं नव्हतं. त्याच्या तोंडात घातला. कनवटीला आणखी एक होता, तो तिनं माझ्या हातावर ठेवला.

तू हे बघायला हवं होतंस, मेल्या. एका डोळ्यानं का होईना, पण बघायला हवं होतंस.